पायांपासून सुरुवात

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (आठही अंगं मोजून, हल्ली मला कुठलंही अंग न मोजता राहवत नाही). तुझी तब्येत कशी आहे? इकडे सगळे ठणठणीत आहेत, म्हणजे तसं ते म्हणतात. खरं-खोटं करायला गेलं की उठून दुसऱ्या खोलीत जातात. आमच्या नर्सिंगच्या अभ्यासात या सहामाहीला माणूस तपासायला शिकवलं. आधी पाहायचं, मग चाचपायचं, मग बोटांनी ठोकायचं आणि शेवटी ऐकायचं. (आपल्या घरात नव्या जावयाची परीक्षा याच क्रमाने होते, फक्त शेवटची पायरी कोणी करत नाही.)

सरावासाठी माणूस हवा म्हणून बाबांना धरलं. त्यांच्या पाठीवर बोट ठेवून टकटक केलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "या, दार उघडंच आहे." मग स्टेथोस्कोप लावला. आत्या, तुझ्या भावाच्या छातीत मला काहीही ऐकू आलं नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मी इतकी घाबरले की ते समोर बसून चहा पीत आहेत ही गोष्टही मला पुरेशी वाटेना. आईला हाक मारली. आई म्हणाली, "त्यांना काळीज नाही हे मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सांगतेय." नंतर कळलं की नळीच्या टोकाची चकती फिरवायची असते. ती मी फिरवलीच नव्हती.

एवढ्या तयारीवर मी मागच्या मंगळवारी प्रात्यक्षिक परीक्षेला गेले. परीक्षक म्हणजे आमच्या घड्याळ मॅडम. (घड्याळ त्या छातीला उलटं टाचतात आणि आमच्याकडे सरळ बघतात.) नियम असा, की वीस मिनिटांत एक रोगी डोक्यापासून पायापर्यंत तपासायचा. माझ्या वाट्याला एक म्हातारे शिंपीकाका आले. न्यूमोनियाने दोन आठवडे खाटेवर होते, आता बरे होत आले होते. सकाळपासून माझ्या तीन मैत्रिणींनी त्यांनाच तपासलं होतं, त्यामुळे परीक्षा त्यांची तोंडपाठ झाली होती. मी पडदा ओढला तेव्हा ते आधीच जीभ बाहेर काढून बसले होते.

आणि आत्या, ती जीभ बघून माझं डोकं कोरं झालं. पाटी पुसावी तसं. डोळे आधी की कान, मान कधी, पोट ठोकायच्या आधी ऐकायचं की नंतर, काही म्हणता काही आठवेना. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. काहीतरी करायला हवं म्हणून मी खाटेच्या ज्या टोकाला उभी होते तिथलं पांघरूण उचललं आणि थेट पायाच्या बोटांपासून सुरुवात केली. मॅडमचं पेन कागदावर खर्रकन चाललं. काय लिहिलं ते मला न वाचताही कळलं.

शिंपीकाकांनी जीभ आत घेतली आणि जरा नाराजीनेच म्हणाले, "उलट्या बाजूने? बरं, आलीच आहेस तर डावी पोटरी जरा चोळून दे. दोन दिवस झाले, भरून आलीय."

मी चोळायला हात पुढे केला. खरंच केला. मोठं माणूस पाय चोळून दे म्हणतं तेव्हा आपले हात आपल्याला विचारत बसत नाहीत. पण बोटं टेकली आणि ती पोटरी मला गरम लागली. उजवीला हात लावला, ती गार. पुन्हा डावी. तिची कातडी ताणलेली, चकचकीत. मी हात काढून घेतला आणि खिशातून मोजायची टेप काढली. काका एकदम उठून बसले. "सैल धरलीस. गुडघ्यापासून खाली सारख्या अंतरावर धर, नाहीतर दोन्ही पायांचं माप जुळायचं नाही." चाळीस वर्षं लोकांच्या विजारी बेतलेला माणूस तो. त्यांच्या देखरेखीखाली मी दोनदा मापलं. डावी पोटरी साडेतीन सेंटीमीटर जास्त भरली.

"हे कोणाला सांगितलं का नाही काका?"

"सगळे छातीचंच विचारतात. पायाचं कोणी विचारलंच नाही. वेळ संपते आणि पोरी पोटापाशीच थांबतात."

मी मॅडमकडे वळले. म्हटलं, "मॅडम, परीक्षा थांबवाल का? मला वाटतं यांच्या पायाच्या शिरेत गाठ झालीय." मॅडमनी पेन ठेवलं, स्वतः येऊन पाय पाहिला आणि काकांना म्हणाल्या, "हलू नका, चोळू तर अजिबात नका." मला म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलाव. पळ." आत्या, मी पळाले. एका पायातली चप्पल वॉर्डमध्येच राहिली.

सोनोग्राफीत रक्ताची गाठच निघाली. चोळली असती तर सुटून फुप्फुसात गेली असती, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी माझे दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होते. काकांना रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. आता ते वॉर्डमध्ये हळूहळू चालतात आणि प्रत्येक विद्यार्थिनीला आल्या आल्या पाय दाखवतात. मला पाहिलं की शेजारच्या खाटेला सांगतात, "हिला क्रम येत नाही, पण हात चांगला आहे."

बाकी सर्व क्षेम. आतोबांना माझा नमस्कार सांग.

तुझी भाची

ता. क. निकाल लागला. शंभरात एकावन्न. पास पन्नासला. शेऱ्यात फक्त 'क्रम चुकला' एवढंच आहे.

ता. क. आणखी एक. पुढच्या प्रकल्पासाठी साठीच्या पुढच्या एका नातलगाची संपूर्ण तपासणी करून लिहायची आहे. मी तुझं नाव दिलंय. फॉर्ममध्ये पहिलाच रकाना जन्मतारखेचा आहे. खरी लागेल.

ता. क. शेवटचं. आई सांगत होती, की तू हल्ली जिना चढताना मध्येच थांबतेस आणि मधल्या मजल्यावरच्या शेजारणीशी बोलायला थांबले म्हणतेस. शेजारीण दोन महिने झाले लेकीकडे राहायला गेलीय. मी रविवारी सकाळी येतेय. बाहेर जायचं ठरवू नकोस.