वूहानला कोण जाणार

३ मार्च १९८६, सोमवार
वूहानचा रिपोर्ट संपला! सहा शनिवार लायब्ररीत गेले. आमच्या कंपनीची पिठाच्या गिरण्यांची यंत्रं तिथे खपतील का, एवढंच रॉजरला — माझ्या बॉसला — हवं होतं. मी अख्खं शहरच मांडलं. यांगत्से आणि हान नद्यांच्या संगमावरची तीन गावं — हांकौ, हानयांग, वूचांग — मिळून झालेलं. शंभर वर्षांपूर्वी तिथून रशियाला चहा जायचा. मग लोखंड, कापड. सत्तावन्न साली यांगत्सेवर पूल झाला — वर मोटारी, खाली रेल्वे. आता पोलादाचा भलामोठा कारखाना आहे, आणि बाजारात छोटे व्यापारी पुन्हा दुकानं थाटतायत. शिवाय सकाळी उठून गावभर नूडल्स खातात. पीठ लागणारच की!

५ मार्च
मूर्ख मी. मूर्ख!
मीटिंगमध्ये रॉजरने विचारलं, "सुनेत्रा, सहा आठवडे वूहानला जाशील?" आणि मी काय म्हणावं? "नाही नाही, लॅरीला पाठवा ना!" पानात वाढायला आलं की म्हणतो ना, तसं. वाटलं, आता तो आग्रह करेल, मग जरा आढेवेढे घेऊन हो म्हणू. तर तो म्हणाला, "ओके. लॅरी, यू आर गोइंग." लगेच पुढचा विषय!
माझ्या शेजारच्या टेबलावरच्या या लॅरीला वूहान समुद्रकाठी आहे असं वाटतं.

६ मार्च
शैलेंद्र म्हणतो, "जाऊ दे यार, बरंच झालं. घरचं कोण बघणार होतं?" नवरा झाला म्हणून काहीही बोलायचं? दीपा मात्र पोळी खाता खाता म्हणाली, "आई, इफ यू वॉन्टेड टु गो, व्हाय डिड यू से नो?" नऊ वर्षांची पोर! तिला काय सांगू? आपणहून मागितलं तर हावरट दिसतं, हेच शिकत मोठी झाले मी.

८ मार्च
आरशासमोर म्हणून बघितलं — आय वॉन्ट टु गो. चार शब्द, आणि पाचव्या खेपेला कुठे नीट जमले! सोमवारी बोलणार म्हणजे बोलणार.

१० मार्च, सोमवार
बोलले! रॉजर बघतच राहिला. "मग त्या दिवशी 'नाही' का म्हणालीस?" आग्रह त्याला कुठून समजावू? म्हटलं, "चुकलं माझं. रिपोर्ट मी लिहिलाय, मलाच जायचंय." विचार करतो म्हणाला.

१२ मार्च
काही नाही. दिवसभर बर्फ.

१३ मार्च
मीच जाणार! पण बेत बदललाय. सहा आठवडे नाही, एक वर्ष. "घरी विचारून ये," रॉजर म्हणाला. मी तिथेच हो म्हणाले.
शैलेंद्र आणि दीपाला अजून माहीत नाही. जेवणं झाली की सांगणार आहे. विचारणार नाही.