कापलेलं कडवं

पोर्ट विला,
१४ एप्रिल २०११

ती. काल्सेईमामास,
भाची लेइसावीचा शि. सा. न. वि. वि.

तुझा अल्बम एकदाचा झाला. मालजहाजावरच्या खलाशाकडे एक सीडी देते आहे. तांदळाच्या पोत्याखाली चेपू नये म्हणून ती बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहे. बिस्किटं मामीची, सीडी तुझी. कव्हरवर ‘सोल्वोता स्ट्रिंग बँड, एमाए बेट’ असं ठसठशीत छापलंय, वर तुम्हा सगळ्यांचा फोटो. लाकडी खोक्याला दोरी ताणून केलेला बास वाजवणारे टॉमकाका त्यात डोळे मिटून उभे आहेत, पण इलाज नव्हता. दुसऱ्या फोटोत तू शिंकत होतास.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी तापाने पडले होते, पण नंतरचं कॉम्प्युटरवरचं काम सगळं माझं. तुम्ही लोक एकदा गायला लागलात की थांबायचं नाव नाही. आमचे मालक जोशुआ म्हणाले, प्रत्येक गाणं साडेतीन मिनिटांत बसव, रेडिओला तेवढंच चालतं. छापायला लगेच द्यायचं होतं, म्हणून बाराच्या बारा गाणी मी एका दुपारी कापली. शेवटी तुम्ही आपलं नावगाव सांगता ना, ते कडवं सगळ्याच गाण्यांतून गेलं. मालक म्हणाले, नाव कव्हरवर आहे, पुन्हा गाऊन कशाला सांगायचं?

आता एक हात जोडून सांगते. ही सीडी कुणाच्या फोनमध्ये जाऊ देऊ नकोस. मागच्या वर्षी मालकांनी एका बँडचा अल्बम काढला, तो दुकानात यायच्या आधीच बाजारातल्या केळीवालीच्या फोनवर वाजत होता. एकाच्या फोनमधून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्यातून तिसऱ्याच्या. सीड्या अजून खोक्यांत पडून आहेत. जुलैत स्वातंत्र्यदिनाच्या जत्रेत तुमची सीडी खपली तरच मालक पुढे बँडांची गाणी रेकॉर्ड करणार, नाहीतर रेकॉर्डिंगच्या खोलीला कुलूप लावतो म्हणाले. म्हणजे माझ्याही नोकरीला कुलूपच.

मामीला नमस्कार. लोभ आहे तो राहू द्यावा, आणि जमल्यास पुढच्या जहाजाने थोडा सुरणही पाठवावा.

तुझी,
लेइसावी


एमाए,
९ मे

चि. लेइसावीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

डबा पोचला. बिस्किटं खलाशाने अर्धी संपवली, पण सीडीला दात लावला नाही, सज्जन माणूस. वाजवायचं यंत्र फक्त मास्तरांकडे, तेही ऊन असेल तर चालतं. रविवारी प्रार्थनेनंतर सगळं गाव शाळेच्या ओट्यावर जमलं. टॉम स्वतःचा फोटो बघून म्हणाला, मी प्रार्थना करत होतो. तुझी मामी म्हणाली, गाणं बरं वाजवता येवो म्हणून केली असेल.

आता तू रागावणार, ते आधीच सांगून टाकतो. मास्तरांनी गाणी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये घेतली आणि तिथून स्वतःच्या फोनमध्ये. मग मामीची बहीण आली, हातात केवढा तरी कोनफळाचा कंद घेऊन. तिला नाही कसं म्हणू? तिच्यामागून तिचा जावई, मग तोंगोआ बेटावरचे पाहुणे. मागितलेलं गाणं द्यायचं नाही म्हणजे लोकांकडे पाठ करून जेवण्यासारखं आहे, लेकी. तुमच्या शहरात त्याला चोरी म्हणत असतील. इथे मागितलं की मिळतं, म्हणून चोरायची वेळच येत नाही. तुझे मालक मला भेटले तर त्यांनाही देईन.

नावगाव गेल्याबद्दल बाकीचे कुरकुरले, मी गप्प बसवलं. मात्र पाचवं गाणं फारच लवकर संपलं. यंत्राला भूक लागली असेल. तू ते पुरतं ऐकलं होतंस का? सहज विचारलं.

खोकला आहेच. वरचा सूर लागत नाही. सुरण पाठवतो आहे.

सदैव तुझं भलं चिंतणारा,
काल्सेईमामा


पोर्ट विला,
२० जून

ती. मामास शि. सा. न.

पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. जग पालथं घालून चोर शोधावा आणि तो आपल्याच घरचा निघावा, तशी गत. जत्रेला महिना आहे आणि तुझी बाराही गाणी आत्ताच शहरभर झालीत. बसमध्ये, धक्क्यावर, नाकामालाच्या अड्ड्यावर कावाच्या मुळांचा रस पिऊन सुस्त बसलेल्या लोकांच्या खिशात. कुणाला म्हटलं सीडी घ्या, तर हसत फोन दाखवतात. मालकांनी छापखान्यातल्या एका माणसावर आळ घेतला, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी मीच खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या मामाला नाही म्हणता येत नाही आणि मला विकता येत नाही, आता आम्ही दोघांनी मासे मारायला जावं. सुरण पोचला, पण तरीही मी रागावलेली आहे.

इथपर्यंत परवा लिहिलं होतं. पुढचं आज लिहिते आहे.

शनिवारी बाजाराशेजारी आंब्रिम बेटावरचा एक बँड गात होता. ओळखीचे सूर ऐकून मी थांबले, तर तुझं पाचवं गाणं. पुढे त्यांनी आपलं नावगाव घातलं, आणि कुणा मासिंगचं नाव. मी तरातरा त्यांच्या म्होरक्याकडे गेले. बाँगतोर नाव त्यांचं, तुझ्याच वयाचे. मी म्हटलं, हे आमच्या मामाचं गाणं आहे. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “पोरी, आमच्याकडे हे फोनवर आलं तेव्हा शेवटी कुणाचंच नाव नव्हतं. नाव असतं तर आम्ही हात लावला नसता.”

मी तशीच रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन मूळ गाणं लावलं. पहिल्यांदाच पुरतं ऐकलं. साडेतीन मिनिटांच्या पुढे तू वरच्या सुरात जातोस, आणि म्हणतोस की आम्ही सोल्वोता, एमाएच्या किनाऱ्यावरचे, इथे आमची लेइपाकोआ झोपली आहे, तिला ऐकू जावं म्हणून इतक्या उंच गातो.

मामा, मी आईचं नाव कापलं. न ऐकता, कॉम्प्युटरवरच्या आवाजाच्या रेघा बघून, भाजी चिरावी तसं. तू विचारलंस तेव्हाही मला उमगलं नाही. मला क्षमा कर म्हणायचीही लाज वाटते.

लोभ ठेव असं आज कुठल्या तोंडाने लिहू?
लेइसावी


एमाए,
११ जुलै

चि. लेइसावीस अनेक आशीर्वाद, नेहमीपेक्षा दोन जास्त.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? ओट्यावर ते गाणं मध्येच विरलं तेव्हा मामीने माझ्याकडे बघितलं आणि मी समुद्राकडे. पुढे तीन दिवस मळ्यात गेलो नाही.

तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची. तिला बेटं बघायची हौस होती आणि पोर्ट विलाच्या पुढे ती कधी गेली नाही. माझ्या मनात एवढंच होतं की गाणं जाईल तिथे तिचं नाव जावं. तुला आधी सांगितलं नाही, तू एकटीने ऐकावंस असं वाटलं. म्हातारपणी माणसाला असले चाळे सुचतात.

पण रडत बसू नकोस. सुरी तुझ्या हातात होती, दार मी उघडं टाकलं होतं. बँडमधले लोक म्हणतात, आंब्रिमवाल्यांना दंड लावू, डुक्कर घेऊ. मी नको म्हटलं. दिलेली वस्तू मागायला जायची आपल्यात रीत नाही. पुन्हा रेकॉर्ड करावं म्हणशील, तर दवाखान्यातली बाई म्हणते की गळ्यावर आता जोर द्यायचा नाही. ते कडवं माझ्या आवाजात तुझ्या त्या यंत्रात आहे तेवढंच. ते पुसलं जाणार नाही एवढं बघ.

जेवत जा. लोभ कुठे जात नाही, तो काही फोनमध्ये नव्हता.

काल्सेईमामा


पोर्ट विला,
२ सप्टेंबर

ती. मामास शि. सा. न.

जत्रेत सीडी जवळजवळ कुणीच घेतली नाही. एका परदेशी बाईने टॉमकाकांचा फोटो आवडला म्हणून घेतली. मालकांनी खोली बंद केली आणि यंत्रं विकायला काढली. ती जायच्या आदल्या दिवशी मी तुझं मूळ रेकॉर्डिंग मागितलं. ते म्हणाले, घेऊन जा, मला आता त्याचा काय उपयोग. मग खुर्ची ओढून ते स्वतःच शेवटपर्यंत ऐकत बसले. रेडिओसाठी आपण किती बँडांची नावं कापली, हे त्यांनी मला विचारलं. मला त्यांची दया आली, मामा. दहा वर्षं त्या खोलीत त्यांनी सगळ्या बेटांची गाणी धरून ठेवली होती.

त्याच जागी आता फोन चार्ज करून द्यायचं आणि लोकांच्या फोनमध्ये गाणी भरून द्यायचं दुकान आहे. हो, तेच. मी तिथेच नोकरीला आहे. दुकानात येईल त्या फोनमध्ये मी तुझं पाचवं गाणं पुरतं घालते, मागितलं असो वा नसो. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर जाते आणि जहाजावर चढणाऱ्यांना थांबवते. बैल गेला आणि झोपा केला, असं तू म्हणशीलच. बरेच जण म्हणतात, हे आहे आमच्याकडे. मी म्हणते, तुमचं अर्धं आहे. काही हसतात, काही घेतात. मालेकुला बेटावरच्या एका म्हातारीने उभ्या उभ्या सगळं ऐकलं आणि पिशवीतून एक पपई काढून दिली.

मागच्या आठवड्यात बाँगतोर आले. मी फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी आईचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि तसेच निघून गेले. रागावले असतील तर पुढे काय करावं, ते लिही.

तुझा खोकला कसा आहे? तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
लेइसावी


एमाए,
२३ ऑक्टोबर

चि. लेइसावीस,
मामा-मामीचे आशीर्वाद.

तुझे बाँगतोर आले. मंगळवारच्या जहाजातून तीन माणसं उतरली, बरोबर वळलेल्या सुळ्यांचं डुक्कर आणि चटयांची गुंडाळी. गावात धावपळ, कुणाला वाटलं लग्न आहे, कुणाला वाटलं भांडण. ते सरळ माझ्या अंगणात येऊन बसले. आमच्या बेटावर वाळूतली नक्षीसुद्धा मालकाला विचारल्याशिवाय कुणी काढत नाही, आणि आम्ही मेलेल्या बाईचं गाणं उचललं, असं म्हणून त्यांनी मान खाली घातली. आमचं कडवं काढून टाकतो, मासिंगचं नावही काढतो, म्हणाले.

मी विचारलं, मासिंग कोण? त्यांची मुलगी. गेल्या वर्षी तापाने गेली, जहाज वेळेवर आलं नाही. तिच्यासाठी गाणं करायला बसायचे आणि सुचायचं नाही. तेवढ्यात फोनवर हे आलं. म्हणाले, “शेवटी रिकामी जागा दिसली, तिथे तिला ठेवली.”

लेकी, मामी आत निघून गेली. मी म्हटलं, तिला काढू नका. आधी आमची लेइपाकोआ म्हणा, ती वयाने मोठी आहे, आणि मग मासिंग.

दुपारी तुझ्या आईपाशी जाऊन दोन्ही बँड मिळून गायलो. वरचा सूर मला लागला नाही, तो बाँगतोरनी उचलला. मास्तरांनी ते फोनवर घेतलं आणि जहाज सुटायच्या आत सगळ्या खलाशांच्या फोनमध्ये गेलंसुद्धा. या वेळी सगळ्यांना मीच बोलावून बोलावून दिलं. तुझ्या आईला कधी एकटीने जेवण गेलं नाही, वाटेवरच्या कुणालाही हाक मारून ती पानावर बसवायची. ती आता त्या मुलीला बरोबर घेऊन बेटं बघत असेल.

तू कापलं नसतंस तर त्या बापाला जागा मिळाली नसती. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. मी तुझ्यावर अजून थोडा रागावलेला आहे, आणि तो राग असा पत्रातून जायचा नाही. नाताळला येऊन स्वतः काढ.

वाट बघणारा,
काल्सेईमामा