आधी घास, मग सही

आई, हसनाबादजवळच्या आपल्या शाळेतली ती चवीची वही आज सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोरांना खिचडी वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने ती खाऊन बघायची आणि वहीत सही करायची, असा सरकारचा नियम होता. तुला वाचता येत नव्हतं, पण तो नियम तू गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलास. शिजवायचं काम सरकारी कागदाने तुला मिळालं, तेव्हा गावात कुजबुज झाली. जिथे आपल्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, तिथल्या पोरांना बौद्धवाड्यातली बाई जेवू घालणार, हे पुष्कळांच्या पचनी पडेना. निम्मी पोरं घरून डबे आणू लागली.

तो दिवस मला लख्ख दिसतो. शाळा समितीचे अध्यक्ष, गावचे पाटील, दारात उभे आहेत. तुला पुढच्या वर्षी कामावर ठेवायचं की नाही, हे त्यांच्याच हातात. ‘आण वही जल्दी. म्या जेवूनच आल्तो,’ ते म्हणतात. तू वही पदराखाली धरतेस आणि ताटली पुढे करतेस. ‘दोनच घास खा, पाटील. ही सही चवीची हाय, हजेरीची न्हाई.’ गुरुजी घाबरून म्हणतात, ‘जाऊ द्या ना बाई.’ तू जागची हलत नाहीस. मी चौथीच्या रांगेत बसून तुझ्यावर चिडले होते. गेलं आता काम, एवढंच मला कळत होतं. पाटलांनी उभ्यानेच दोन घास खाल्ले. ‘मीठ कमी हाय,’ म्हणाले. ‘मंग तसंच लिवा,’ म्हणत तू वही दिलीस, आणि त्यांनी खरंच तसं लिहिलं. डबे काही त्या दिवशी बंद झाले नाहीत. पण दुसऱ्या आठवड्यात पाटलांचीच नात ताटली घेऊन माझ्या शेजारी बसली, आणि मग एकेक डबा घरीच राहू लागला.

सरकारने नियम केला, हे मी कमी लेखत नाही. सरकारच्याच वसतिगृहात राहून शिकले, आज शाळा तपासणारी अधिकारी आहे. पण तो नियम पाटलांच्या गळी उतरवलास तू. मला तुझा फार अभिमान वाटतो, आणि तू होतीस तोवर हे एकदाही बोलले नाही.

काल मंठ्याकडच्या एका शाळेत गेले होते. उशीर झाला होता, बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. स्वयंपाकाची बाई आपल्याच समाजातली, नवीन लागलेली. ताटली घेऊन पुढे आली. ‘मॅडम, दोन घास खाऊन बघा.’ मी म्हणाले, ‘जेवूनच आलेय,’ आणि सही ठोकली. तिने तुझ्यासारखी वही पदराखाली धरली नाही. ताटली तशीच आत नेली. मी कुणाची लेक, हे तिला ठाऊक नाही. मी का खाल्लं नाही, याचा तिने काय अर्थ लावला असेल, हे तुला सांगायला नको.

हे पत्र घालायला पेटी नाही, माझ्या या वहीतच राहील. उद्या त्या शाळेत परत जाणार आहे. आणि आई, काल मी जेवून गेले नव्हते.