माझ्या सीरमवरची वीस

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी वही, नवी नोकरी. महाप्याच्या एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा आहे. खाली कॉल सेंटर, वर कुठल्याशा अ‍ॅपवाल्यांचं ऑफिस. लिफ्टमध्ये गळ्यात पट्टे घातलेली पोरं विचारतात, मॅडम, तुमचं प्रॉडक्ट काय? मी सांगते, म्हशीची अंडाशयं. मग पुढच्या मजल्यापर्यंत कुणी तोंड उघडत नाही. मजा येते.

सहा वर्षं डेन्मार्कमध्ये काढून इथे आले, कारण इथे माझ्या कामात लुडबुड करण्याइतकी अक्कल कुणाला नाही. मालक मितेश कालपर्यंत फरश्या विकत होता. विज्ञानातलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण यंत्रं मात्र उत्तम आणली आहेत. मदतीला शालनबाई. साताऱ्याकडच्या, नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी. रोज सकाळी दहाला कत्तलखान्यातून थर्मास येतो, कोमट मिठाच्या पाण्यात अंडाशयं. झाकण उघडण्याआधी बाई हात जोडतात. मला हसू आवरलं नाही, आणि मी आवरलंही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवऱ्याला, इंद्रजितला, माझं काम कळावं म्हणून काल त्याला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. म्हशीच्या अंडाशयात हजारो कच्ची फॉलिकल्स असतात, म्हणजे अंड्याभोवतीच्या बारीक पुटकुळ्या. महिन्याला एखादं पिकतं, बाकीची वाया. ती कच्चीच काढायची, डिशमध्ये पिकवायची, आतलं अंडं फळवायचं आणि गर्भ दुसऱ्या म्हशीच्या पोटात ठेवायचा. मेलेल्या म्हशीलाही शंभर वासरं. जगभरातले लोक पिकवण्याच्या पायरीवर अडून बसलेत. त्यांना अडू दे.

सगळं ऐकून नवरोजींनी विचारलं, आणि आपलं काय? त्याच्या आईच्या समाधानासाठी आज बेलापूरला डॉक्टर मारियांकडे सोनोग्राफी करून घेतली. माझ्या दोन्ही अंडाशयांत मिळून वीस फॉलिकल्स, भरपूर आहेत म्हणाल्या. मूल मलाही हवंय, खरं सांगायचं तर फार हवंय. पण त्यासाठी घायकुतीला येणाऱ्या बायकांतली मी नाही. हा प्रकल्प संपला की बघू, असं त्याला सांगितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डिशींत मांडलेली फॉलिकल्स चाळीसच्या चाळीस मेली. सीरम हाच त्यांचा खुराक, त्याशिवाय जगणार कशी? परदेशातून मागवलेलं सीरम न्हावा शेवा बंदरात अडकलंय. कस्टमचं काम बघणारे युसुफभाई फोनवर अदबीने सांगतात, एका दाखल्यावर शिक्का नाही, आठवडा लागेल. मी त्यांना जे बोलले ते वहीत लिहिण्यासारखं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि वर तब्येतीची चौकशी केली. असल्या सोशिक माणसांचा मला जास्त संताप येतो.

सीरम म्हणजे तरी काय, रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी. माझ्या अंगात पाच लिटर रक्त पडलंय. नव्या चाळीस डिशी मांडल्या आणि बाह्या वर केल्या. शालनबाई सुईला हात लावेनात. म्हणाल्या, "मॅडम, आपलं रगात पाजू नगा. पाजलं की ती आपली हुत्यात."

तुम्हाला इथे विचार करायला ठेवलेलं नाही, असं त्यांना सांगितलं आणि सुई स्वतःच टोचून घेतली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चाळीसपैकी वीस जगली, आणि नुसती जगली नाहीत, आकाराने तिप्पट झाली. मितेशने पेढे वाटले. सूक्ष्मदर्शकात बघतानाचा स्वतःचा फोटो काढून घेतला. दिवा लावायचा राहिला होता, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

अखेर न्हावा शेवाचा माल आला. पाच डिशींना ते सीरम दिलं. दुपारपर्यंत पाचही आक्रसली. पुन्हा माझं दिलं, तासाभरात टरारली. दिवसाआड रक्त काढते. चक्कर येते थोडी, पण कौतुक करून घ्यायला बरं वाटतं.

१२ मार्च, बुधवार

पाळी आली नाही. घरी तपासलं, दिवस गेलेले नाहीत. डॉक्टर मारियांनी पुन्हा सोनोग्राफी केली. वीसच्या जागी बारा. मी म्हटलं, तुमचं मशीन जुनं झालंय. त्यांनी दुसऱ्या मशीनवर घेतलं. बारा.

डिशमध्ये आज आठ पूर्ण पिकली आहेत. बारा आणि आठ. याला योगायोग म्हणतात. याचा अर्थ लावत बसायला मी काही शालनबाई नाही.

२१ मार्च, शुक्रवार

माझ्यात पाच. डिशमध्ये पंधरा.

रक्त देणं सोमवारीच बंद केलं होतं. तरी वाढताहेत. कशावर?

शालनबाई माझ्या टेबलाशी येतात. डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवतात. मला त्यांची दया नको आहे. खाल्ली मात्र.

४ एप्रिल, शुक्रवार

माझ्यात शून्य. डॉक्टर मारियांनी माझा हात हातात घेतला, तेव्हाच कळलं.

एका डिशमधल्या चार पेशी बाहेर तपासायला दिल्या होत्या. उत्तर आलं: नमुना म्हशीचा नाही, बाईचा आहे. गाढवांनो, पुन्हा करा, असं कळवलं. पुन्हा केलं. तेच.

मितेशला सांगितलं, थांब, ही म्हशीची नाहीत. त्याने मला पाणी दिलं. विश्रांती घ्या मॅडम, म्हणाला — ज्या सुरात मी शालनबाईंशी बोलते, त्याच सुरात. मग बाहेरून आणलेल्या माणसाकडून विसांवर रेड्याचं वीर्य सोडून घेतलं.

त्याच्याआधी अर्धा तास मी एकटी होते. हातात ब्लीचची बाटली. ओतली नाही. माझ्यात एकही उरलेलं नाही, माझं जे काही होतं ते त्या डिशींत — मी ओतू कशी?

१२ एप्रिल, शनिवार

पनवेलपलीकडच्या गोठ्यावर वीस म्हशींत वीस गर्भ ठेवले. मला नेलं नाही. मी माझ्या टेबलाशी बसून होते आणि प्रत्येक आत जाताना मला कळत होतं. पोटात नाही. त्याहून लांब कुठेतरी. वेळा कागदावर लिहिल्या. मितेशच्या यादीशी मिनिटाला मिनिट जुळल्या.

वीस ठिकाणी गरम आहे. ओला अंधार आहे.

१२ मे, सोमवार

तोंडाला सारखी कडब्याची चव. इंद्रजित म्हणतो, डॉक्टरांकडे चल. त्याला काय सांगू — आपली वीस आहेत, आणि गोठ्यात आहेत?

मितेश दुपारी गोठ्यावरून आला. म्हशींची सोनोग्राफी झाली. त्याच्या तोंडावर रंग नव्हता, खुर्ची दिली तरी बसला नाही. फोटो दाखवला नाही. एवढंच म्हणाला, "वासरू नाहीये ते."

उद्या सकाळी सगळ्या म्हशी कत्तलखान्यात, गुपचूप. कागद जाळून टाकणार म्हणाला.

मी त्याचे पाय धरले. मी. त्या फरश्यावाल्याचे. ती माझी मुलं आहेत म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं — मी आजवर सगळ्यांकडे जशी बघत आले तसं — आणि वॉचमनला बोलावलं.

१३ मे, मंगळवार

टॅक्सीत. कत्तलखान्याकडे. वही मांडीवर. ट्रक पहाटेच निघाले — गोठ्यावरचा माणूस फोन उचलत नाही — मितेशचा बंद.

शालनबाई सोबत आहेत. मी बोलावलं नव्हतं. दारातच उभ्या होत्या.

वाशीचा पूल. पुढे नुसत्या गाड्या. ड्रायव्हरला शिव्या दिल्या, मग हात जोडले.

म्हशींना उतरवताहेत. फरशी ओली आहे. मला वास येतोय.

वीस.

एकोणीस — देवा —

बाई विचारतात, मॅडम, कुठं दुखतंय. कुठे सांगू. सतरा. धावत गेले तरी — पुलावरून धावत —

अकरा. मी कुणालाच नाव ठेवलं नाही. बघू म्हणाले. प्रकल्प संपला की —

सहा. भराभर. त्यांना काही कळत नाही, बरंय, कळत नाही —

दोन

एक आहे. अजून आहे. मागे सरकतंय. त्याला कळतंय. ते मला हाक मा—