उजळ

अमरावती
२८ जानेवारी २०२५

श्रीमती संध्याताई यांस अनुपमाचा स. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तुमचा बंद होतो, म्हणून तक्षशिलेनं सुचवलं की पत्र लिहा. तुमची मुलगी माझी सून असूनही तिचं मी ऐकते, याची नोंद घ्यावी.

मुद्दा एकच. आपली नात स्वराली शनिवारी तुमच्याकडे अकोल्याला आली, ती परत यायला तयार नाही. पाचवीतल्या मुलीची शाळा बुडते आहे. आमचा गौरांग म्हणतो राहू दे चार दिवस, पण तो एकदा बडनेऱ्याला ड्यूटीवर गेला की घरातलं त्याला काही दिसत नाही. जायच्या आधीही आठवडाभर ती माझ्याशी बोलत नव्हती. कोणी तिच्या डोक्यात काही भरवलं असेल तर मला स्पष्ट कळवावं.

कॉलनीच्या हॉलमध्ये मी पुस्तकांचं कपाट चालवते, ते तुम्ही पाहिलं आहे. चिमुरड्यांपासून आमच्या वयाच्या बायांपर्यंत सगळ्यांना पुरेल असं ते भरलं आहे. मेळघाटातल्या मुलांच्या गोष्टी आहेत, आफ्रिकेतल्या आहेत, आणि आपल्याकडच्या वस्त्यांतल्या माणसांनी स्वतः लिहिलेली आत्मचरित्रंही. महिन्यातून एकदा वाचन असतं, एकदा सिनेमा. डिसेंबरात अमेरिकेतल्या एका काळ्या कुटुंबाचा दाखवला, तर शेजारच्या उत्तमरावांची मिसेस शेवटपर्यंत डोळ्याला पदर लावून बसली होती.

म्हणून यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी प्लास्टिकचे डबे लुटले नाहीत, वाण म्हणून पुस्तक दिलं. मुखपृष्ठावर धाकट्या भावाला सायकलवर डबलसीट नेणारी काळीसावळी मुलगी आहे. स्वरालीच्या हातून सगळ्यांना देवविलं. बाया गेल्यावर बघते तर पुस्तकं सोफ्यामागे, चपलांच्या रॅकवर, मनीप्लांटच्या कुंडीत. मी चिडले, हे खरं. पण बायांवर चिडले, मुलीवर नाही. तिला रुसायला काय झालं?

लोभ आहे तेवढा राहू द्यावा आणि मुलीला रविवारपर्यंत पाठवावं.

आपली,
अनुपमा


जठारपेठ, अकोला
१ फेब्रुवारी

सौ. अनुपमाताईंना संध्याचा सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. स्वरालीची तब्येत चांगली आहे. शाळा बुडते ते मलाही पटत नाही. मीही जन्मभर अकोटच्या शाळेत पोरं हाकली आहेत. आमच्या सासूबाई, पंचफुलाबाई, मला रोज विचारतात की काहून वो, या पोरीले तिच्या शाळेतून काढलं काय. मी रोज सकाळी तिचं गणित घेते आणि सासूबाईंना गप्प करते.

तिच्या डोक्यात मी काही भरवलं नाही. विचारलंसुद्धा नाही. गुरुवारी ती सासूबाईंना तुमचं ते वाणाचं पुस्तक वाचून दाखवत होती. चित्रातल्या मुलीवर बोट ठेवून तिनं त्यांना विचारलं, की हीपण तशी उजळच आहे का. सासूबाईंना काही उमजलं नाही. मी भाजी निवडता निवडता थांबले, तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

उत्तमरावांच्या मिसेसनं मुखपृष्ठ पाहून म्हटलं म्हणे, की ही तर आपली स्वरालीच, आजोळावर गेलेली. त्यावर तुम्ही घाईघाईनं सांगितलंत, की नाही हो, आमची स्वराली तशी उजळ आहे, उन्हातून आली म्हणून तशी वाटते. मग सगळ्या हसल्या. संक्रांतीच्या काळ्या साड्या नेसून हसल्या, ताई. आणि पोर मध्ये पुस्तकांचा गठ्ठा धरून उभी राहिली. हे तुमच्या पत्रात नव्हतं.

आजोळ म्हणजे मी. माझा रंग तुम्ही लग्न जमवतानाच पाहिला होता.

हळदीकुंकवाला मला बोलावणं नव्हतं, त्याचं वाईट वाटलं नाही. मी विधवा, त्यात बौद्ध. बोलावलं असतं तरी आले नसते. पण जिथं माझं पाऊल चालत नाही तिथं माझ्यासारख्या दिसणाऱ्या मुलीचं पुस्तक वाटलं जातं, याचं नवल वाटलं. आणि बायांवर चिडू नका. त्यांनी आधी तुमचं बोलणं ऐकलं, मग पुस्तक तिथंच ठेवलं.

रविकांतभाऊंना जयभीम सांगावा. माया कमी झालेली नाही, म्हणून एवढं लिहिलं.

आपली,
संध्या


अमरावती
५ फेब्रुवारी

संध्याताई यांस स. न. वि. वि.

मी तसं बोलले. नाकारत नाही. पण का बोलले तेही बघा. त्या बाईच्या बोलण्यात टोमणा होता. माझ्या नातीला चारचौघींत कोणी हिणवत असताना मी तिळगूळ वाटत बसायचं? तिच्यावरचा वार मी परतवला. तो नीट परतवता आला नाही, असं म्हणा.

तक्षशिला या घरात आली तेव्हा माझ्या सख्ख्या भावानं, रामरावानं, माझा उंबरा सोडला. आजतागायत आलेला नाही. मी भाऊ जाऊ दिला, सून ठेवली. तेव्हा हे धडे मला पहिल्या पानापासून देण्याची गरज नाही. माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, त्यासाठी इतक्या वर्षांवर पाणी फिरवू नये.

रविकांत म्हणतात, की वकिलाच्या बायकोनं आपली बाजू आपण मांडू नये. त्यांना विनोद सुचतात.

रविवारी मी स्वतः येते. स्वरालीला घेऊनच परतेन. बाकी भेटीत.

आपली,
अनुपमा


जठारपेठ, अकोला
१० फेब्रुवारी

सौ. अनुपमाताईंना सप्रेम जयभीम.

काल तुम्ही एकट्याच परत गेलात. गाडी हलेपर्यंत मी काही बोलले नाही, कारण फलाटावर तुमचे डोळे भरलेले होते आणि ते मी पाहिलेलं तुम्हाला आवडलं नसतं.

तुम्ही स्वरालीला जवळ घेतलंत, सॉरी म्हटलंत, माझ्यासाठी तू सगळ्यांत सुंदर आहेस असं म्हटलंत. ती मान खाली घालून बसली. तुम्हाला वाटलं ती हट्टी आहे. हट्टी आहेच, तो गुण कोणाच्या घरचा ते मी सांगत नाही. पण तुम्ही गेल्यावर ती मला म्हणाली, की आजी बोलली तिथं सगळ्यांसमोर आणि सॉरी म्हणाली इथं, स्वयंपाकघरात.

यात मी एक शब्दही घातलेला नाही.

टोमणा होता, मान्य. पण हो, आजोळावर गेली आहे, एवढंच तुम्ही म्हटलं असतं तर तो तिथंच मेला असता. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून तो खरा झाला. रामरावांचं मी विसरलेले नाही. म्हणून तर तुम्हाला लिहिते. दुसरी कोणी असती तर पोर ठेवून घेतली असती आणि पत्राला उत्तर दिलं नसतं.

शनिवारी तक्षशिला येते आहे. स्वराली दोन दिवस तिकडे येईल म्हणते. राहील की नाही, ते तिच्यावर.

स्नेह आहेच, तुम्हीही सोडू नये.

आपली,
संध्या


अमरावती
१७ फेब्रुवारी

संध्याताई यांस स. न. वि. वि.

त्याच बायांना काल चहाला बोलावलं. हळदीकुंकू नाही, वाण नाही, निमित्तच नाही. त्यामुळे निम्म्याच आल्या. उत्तमरावांची मिसेस आली. स्वराली दाराजवळच्या खुर्चीवर पायांत चपला घालून बसली होती, केव्हाही उठून जाता यावं अशी. तक्षशिला तिच्या शेजारी.

चिवड्याच्या बशा देण्याआधीच मी बोलले. म्हटलं, संक्रांतीला मी या खोलीत खोटं बोलले. स्वराली सावळी आहे, अकोल्याच्या आजीवर गेली आहे. ते झाकावंसं मला वाटलं, आणि ती लाज माझी होती, तिची नव्हे.

मग उत्तमरावांच्या मिसेसनं उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला. अगदी मायेनं. म्हणाली, काहून एवढं मनाले लावून घेता, पोरगी लहान आहे, वयात आली का उजळून जाईन.

दोन वर्षं मी तिला पुस्तकं देते आहे, संध्याताई. सिनेमे दाखवते आहे. ती बाई वाईट नाही, हेच कठीण आहे.

स्वराली माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, नाही उजळणार. आणि चहा ओतला.

बाया लवकर गेल्या. या वेळी रॅकवर ठेवून जायला काही नव्हतं. तेवढ्यात स्वरालीनं पिशवीतून ते पुस्तक काढलं. रोज संध्याकाळी मी वाचायची आणि तिनं ऐकायचं, ही आमची पद्धत, म्हणून मी हात पुढे केला. तिनं पुस्तक दिलं नाही. चपला काढल्या, त्याच खुर्चीवर मांडी घातली आणि पार स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं स्वतः वाचू लागली.

आज शाळेत गेली आहे. माझ्याशी अजून बोललेली नाही.

मार्चच्या वाचनाला तुम्ही या. पुस्तक तुम्ही निवडा, खुर्च्या मी मांडते. किती भरतील ते सांगता येत नाही.

लोभ मागण्याचा हक्क सध्या नाही. थोडा अवधी द्यावा.

आपली,
अनुपमा