हळदीतलं बनियन

रविवार, हळदीची संध्याकाळ, सापगाव

माझा भाऊ निलेश हळदीला बसला, पण बनियन काढेना. नवरदेव असा बसतो का कधी? शेवटी मीच ओढून काढलं. पाठभर लाल फोड! "घामोळं आलंय गो ताई," म्हणाला. घामोळं बोराएवढं असतं? परवा त्याच्या कबड्डीच्या बॅगेत इंजेक्शनच्या सुया सापडल्या, तेव्हा म्हणे व्हिटॅमिनच्या. व्हिटॅमिनने दंड असे फुगतात, पाठीवर असे फोड येतात? वर आज माझ्यावरच खेकसला, "आईला सांगू नको." असा नव्हता तो. उद्या येणाऱ्या पोरीला मी काय सांगू?

त्याने बनियन पुन्हा चढवलं. मी मांडवात पाहिलं. त्याच्या संघातली पोरं नाचत होती. एरवी हळदीत उघडीबंब नाचणारी ती, पण आज एकानेही बनियन काढलं नव्हतं.