दादाच्या उड्या

१४ मार्च, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तू माझ्यावर रागावली आहेस हे वहिनीकडून कळलं, तरी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. आमची व्हॅन पुन्हा बंद पडलीय. मेकॅनिक खाली आडवा झालाय आणि मी जुन्या टायरवर बसून लिहितोय. म्हणजे बसतोय, उठतोय, चकरा मारतोय, पुन्हा बसतोय.

बँड बरा आहे. तीसेक वर्षं झाली, तरी लोक अजून स्का-पंक म्हणजे काय असं विचारतात आणि दादा न कंटाळता सांगतो: गिटार ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या मधे वाजते, वर ट्रम्पेट, आणि सगळ्यांनाच घाई. आमच्या पहिल्या कॅसेटवर नाचलेली पोरं आता स्वतःच्या पोरांना खांद्यावर घेऊन येतात. आपला ड्रमर ढोल्या आजोबा झाला. वाजवतो मात्र घराला आग लागल्यासारखा.

तुझं म्हणणं, गुडघ्याची वाट लागलेली असताना मी दादाला स्टेजवर उड्या मारायला लावतो. लोकांचे गुडघे सरळ करण्यात तुझी हयात गेली, तुझ्याशी काय वाद घालणार? पण मी लावत नव्हतो गं. उलट टिंगलच करायचो, की या वयातही टाळ्यांची हाव सुटत नाही. तो हसायचा आणि पुढच्या गाण्याला आणखी उंच उडायचा.

आत्ता मेकॅनिकने काहीतरी विचारलं. मी नुसती मान डोलावली. पाना मागितला असावा, कारण वैतागून त्याने स्वतःच उठून घेतला.

परवा दादा डॉक्टरकडे गेला म्हणून तालमीला दुसरे एक गिटारवाले आले. हात चांगला, पण उभे राहतात खांबासारखे. मी प्रत्येक गाण्यात ट्रम्पेट घेऊन भलत्याच जागी घुसलो. खापर अर्थातच त्यांच्यावर फोडलं. शेवटी ढोल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि माझ्या अगदी तोंडासमोर येऊन म्हणाला, "तुला गिटार ऐकूच येत नाहीये. दादाला केव्हाचं माहीत आहे. तो तुझ्यासाठी उडतो."

कमी ऐकू येतं हे मला कळत होतं. इतकं कमी, हे मान्य करत नव्हतो. दादाचे पाय बघून वाजवत होतो मी, ताई, आणि वर त्यालाच हसत होतो. लाज वाटते.

त्याच्याशी बोललो. म्हटलं, स्टूल घे, बसून वाजव. त्याने माझ्याकडे नीट तोंड करून विचारलं, "मी बसलो तर तू कशावर वाजवशील?"

असंच चाललं तर काठीशिवाय चालता येणार नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलंय. तो ते वहिनीपासूनही लपवतो.

ट्रम्पेट खाली ठेवला की हातांचं काय करायचं, मला खरंच माहीत नाही. भीती वाटते. पण मी शेजारी उभा असेपर्यंत हा माणूस बसायचा नाही. म्हणून शनिवारच्या कार्यक्रमाला मी स्टेजवर नसेन. त्यानंतरही नाही. दादाला हे अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळवतोय, म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाही.

तू त्याच्या ऑपरेशनची तारीख घेऊन टाक.

तुझा आणि त्याचा,
आता नुसता भाऊ